साखरेऐवजी मोहफुलं: या हंगामात कुठवर आले

मोहफुलांचा रस आटवून केलेला पाक आता टिकतो, ही या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट. एप्रिलच्या शेवटी भरलेली बरणी पावसाळा काढून अजून फळीवर आहे, आणि झाकण उघडलं की वास येतो तो मनुकांचा, आंबूस नाही. चहा, लिंबू सरबत, खीर आणि गुलगुले, एवढ्या ठिकाणी आमच्या घरात साखरेची जागा मोहफुलांनी घेतली आहे. चिक्कीला ती चालत नाहीत. का चालत नाहीत तेही आता नीट कळलं आहे, पुढे लिहिते.

सुरुवात फुलांपासूनच करावी लागते, कारण निम्मं काम तिथेच असतं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा-कोरचीच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये रात्र उतरता उतरता मोह गळायला लागतो आणि उजाडेपर्यंत झाडाखाली सडा पडलेला असतो. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची जुनी रीत आहे. त्यातून वणवे लागतात, आणि फुलाला राख-खडे चिकटतात ते वेगळंच. फूल इतकं रसाळ असतं की एकदा जमिनीला टेकलं की माती सोडत नाही. धुवायला जावं तर गोडीही पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून यंदा झाडाखाली बाजेच्या उंचीवर हिरवी जाळी ताणून बांधली. त्या फुलांच्या पाकात तळाला गाळ बसला नाही. ज्यांना स्वयंपाकासाठी मोहफुलं हवी आहेत त्यांना माझं आग्रहाचं सांगणं, जाळी बांधाच, किंवा जाळीवरची फुलं कोण देतं ते शोधा.

ताजं फूल मलईच्या रंगाचं, गुबगुबीत आणि दोन्ही बाजूंनी उघडं असतं. आत केसरांचा झुबका चिकटलेला असतो. तो ओल्या फुलातून काढायला गेलं तर बोटं चिकट होतात आणि फूलही चेपतं. कडक उन्हात पातळ थर पसरून वाळवलं की फूल तांबूस-तपकिरी होतं. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचं. शेजारच्या आजीने हे सांगितलं, "पयले भाज वं, मंग उकड. नाहीतर कच्चा वास जात नाही." भाजलेली फुलं कोमट असतानाच तळहातावर चोळली की केसर सुटून येतात आणि सुपात पाखडले की उडून जातात. केसर राहिले तर पाक घशाला खवखवतो, निदान माझ्या तरी.

पाकाची रीत आता अशी बसली आहे. अर्धा किलो भाजलेल्या, पाखडलेल्या फुलांना दीड लिटर उकळतं पाणी. रात्रभर भिजवायचं नाही. मोहफुलावर खमीर आपसूकच असतं आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात भिजलेली फुलं सकाळपर्यंत बुडबुडे सोडायला लागतात. दारू ज्या गुणामुळे होते तोच गुण पाकाचा वैरी आहे. म्हणून तासाभरात चुलीवर. फुलं पार मऊ झाली की घोटून सुती कापडातून पिळून घ्यायची. पिळलेला रस पुन्हा आटवायला ठेवला की वर करड्या रंगाचा फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहायचं. आधी बुडबुडे मोठे आणि घाईचे असतात. नंतर ते बारीक, जड होतात आणि फुटताना हलकासा आवाज करतात. तिथपासून हात थांबवायचा नाही, कारण तळ पटकन लागतो. ताटलीत थेंब टाकून ती तिरपी करायची. थेंब ओघळ न धरता सावकाश सरकला की उतरवायचं. पाक पातळ राहिला तर तो फेसाळणारच, घट्ट असला की खमिराला त्यात वाढता येत नाही. सगळं टिकणं या एका थेंबावर आहे.

गाळून उरलेला चोथा टाकू नका. पुन्हा थोड्या पाण्यात उकळून निघालेलं गोडसर पाणी मी गुलगुल्यांची कणीक भिजवायला वापरते.

आता वापराबद्दल. मोहफुलातली साखर ही बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची असते, उसाची साखर मात्र जवळजवळ निव्वळ सुक्रोज. स्वयंपाकघरात जो फरक दिसतो तो बहुतेक इथूनच येतो. फ्रुक्टोजची गोडी गारव्यात जास्त जाणवते आणि गरम पदार्थात कमी. म्हणून माठातल्या पाण्याच्या लिंबू सरबताला एक चमचा साखरेऐवजी एक चमचाच पाक पुरतो, पण चहाला दीड लागतो. सरबतात किंचित सैंधव घातलं तर मोहाचा वास लिंबाच्या आड जातो आणि घरातली लहान पोरंही मागून पितात.

चहात पाक दुधाबरोबर उकळू नये, दूध फाटायचा संभव असतो. गुळाच्या चहाला जी काळजी घेतो तीच इथे. चहा खाली उतरवून, उकळी बसल्यावर पाक घालून ढवळायचा. आल्याचा चहा उत्तम होतो, वेलदोड्याचा नाही, दोन वास एकमेकांशी भांडतात. तांदळाच्या खिरीतही शेवटी, आच बंद केल्यावर. रंग बदामी येतो आणि मला तो पांढऱ्या खिरीपेक्षा जास्त आवडतो.

गुलगुल्यांना मोहफुलांनी खरा न्याय दिला आहे. ग्लुकोज-फ्रुक्टोज तेलात लवकर रंग धरतात, त्यामुळे साखरेच्या गुलगुल्यांच्या आचेवर तळले तर बाहेरून काळपट आणि आत कच्चे राहतात. आच कमी ठेवायची आणि गोळे लहान सोडायचे. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कारण या साखरा ओल धरून ठेवतात.

हाच ओल धरण्याचा गुण चिक्कीच्या आड येतो. उसाच्या साखरेच्या पाकाला तार येते आणि थंड झाल्यावर तो खळकन तुटतो. मोहाचा पाक कितीही आटवला तरी दाताला चिकटतो आणि दमट हवेत परत ओला होतो. वड्या, चिक्की, साखरेचं आवरण असलेलं काहीही, तिथे हा पाक लावून फुलं वाया घालवू नका. भाजलेल्या फुलांची पूडही करून पाहिली. उन्हाळाभर छान मोकळी होती, जुलैत डब्यातच तिचा गोळा झाला. तिळाबरोबर कुटून लाडू केले तर पूड उपयोगी, पण लाडू लगेच संपवायचे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. ही साखरच आहे, फक्त झाडावरून आलेली. मधुमेह असलेल्या माणसाला "नैसर्गिक आहे, चालतं" म्हणून मोहाचा चहा देऊ नका. आमच्या घरी वडिलांचा चहा बिनगोडाचाच असतो.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि मोहफुलं म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या मनात आधी हातभट्टीच येते. मला याचं फार वाईट वाटतं. इथल्या गोंड घरांमध्ये मोह हा खाण्याचा जिन्नस आहे, भाजून, शिजवून, कुटून खातात, आणि धान्य संपत आल्याच्या दिवसांत त्याने घरं तारली आहेत. त्या ज्ञानासमोर माझा पाक म्हणजे नुसती सुरुवात आहे.

पुढचा प्रयोग अनारशांचा. भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठात गुळाऐवजी पाक घातला तर पीठ सैल पडणार हे दिसतंच आहे, म्हणून अर्धा पाक आणि अर्धी पूड घ्यायचा विचार आहे. तळताना जाळी पडते की अनारसा तुपात विरघळतो, ते दिवाळीच्या आधी करून बघते. कोणी आधी केलं असेल तर पीठ किती दिवस मुरवलं आणि पाक किती घट्ट घेतला, तेवढं सांगा.