एका गावात दोन तोरणं

पोळा, रात्री उशिरा

आज गावात दोन पोळे भरले. एक नेहमीच्या आखरावर, मारुतीच्या देवळापुढं, अन् दुसरा शाळेमागच्या मोकळ्या जागेत. बैलजोड्या उरल्यात मोजून बावीस. तेवढ्यांसाठी आंब्याच्या पानांची दोन तोरणं! झडत्याही, म्हणजे पोळ्यात म्हणायची कवनं, दोन्हीकडं झाल्या, पण निम्म्या समोरच्या पार्टीला टोमणे मारणाऱ्या.

भांडण कशाचं, तर गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदाचं. लिहितानाही हसू येतं. २००७ च्या १५ ऑगस्टला ही मोहीम सुरू झाली ती गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून. या पदाला पगार नाही. पण ठाण्यातून फोन आला की अध्यक्षाला येतो, लग्नाच्या मांडवात शाल-नारळ मिळतो, बॅनरवर फोटो लागतो. माणसाला तेवढं पुरतं.

ग्रामसभेत हात वर करून निवड झाली. दादा उभा होता. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, आमच्याच घरचा. माझा हात त्याच्या विरोधात वर गेला. पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं, "त्याले राग लय, तंटे कसे मिटवन तो?" खरं कारण या वहीतच लिहितो. धुऱ्यापलीकडं त्यानं बोअर मारला अन् पाणी लागलं. माझ्या विहिरीला जानेवारीतच तळ दिसतो. मी तुरीच्या वाळल्या तुराट्यांत उभा असतो अन् त्याचा गहू हिरवागार. एकदा तोच म्हणाला, "लहान्या, पाणी पायजे तं पाइप लावून घे." ते मला जास्त झोंबलं. पाइप काही लावला नाही.

दादाही साधा नाही. चार हातांनी हरला अन् दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरून वेगळा पोळा उभा केला. म्हणे आमच्या आज्याचे बैल मानाचे, मखर आमच्याच बैलाला. आता त्या जुन्या मानाचंही मला फार कौतुक नाही. तेव्हा कोणाची जोडी कायम शेवटी उभी राहायची अन् का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला मी एकदा जाऊन आलो होतो. तिथं ग्रामसभेत हात मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. अशा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आमच्याकडं हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "इतका टाइम कोनाले हाय?" निवडीनंतर पंधरा दिवस कोणाचा हात कुठं गेला हेच मोजत बसलो होतो, त्याला मात्र टाइम होता.

संध्याकाळी पोळा फुटल्यावर दादा बैल घेऊन आमच्या गल्लीतून निघाला. थांबायचं त्याच्या मनात नव्हतं. पण बैल सवयीनं आमच्या दारात थांबले. त्यानं कासरा ओढला, तरी हलेनात. मायच बाहेर गेली. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली, अन् दादाच्या हातावर वीस रुपये बोजारा ठेवला. तो खाली वाकून तिच्या पाया पडला.

"लहान्या कुठं गेला काकू?"

"आहे न घरात," माय म्हणाली.

मी कवाडामागं उभा होतो.