लोगोपाशी अडकलेला ऑसिलोस्कोप

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करणाऱ्याकडे येणारा माल बहुतेक ठरलेला असतो: सौर पंपांचे कंट्रोलर, जिनिंगमधल्या मोटारींचे ड्राइव्ह, वजनकाट्यांचे इंडिकेटर आणि लग्नसराईत डीजेवाल्यांचे अॅम्प्लिफायर. या सगळ्यांचा दोष ज्याच्यावर पाहायचा तो ऑसिलोस्कोपच, म्हणजे विजेच्या दाबाचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर आलेखाने दाखवणारे यंत्रच, बंद पडले की अडचण दुहेरी होते, कारण त्याच्या आतला दोष पाहायला दुसरा ऑसिलोस्कोप तालुक्यात सहसा मिळत नाही. माझा दोन चॅनलचा, १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल ऑसिलोस्कोप गेल्या कापूस हंगामात असाच सुरू होईना. पंखा फिरत होता, बटणांचे दिवे एकदम लागत होते, पडद्यावर कंपनीचा लोगो उमटत होता आणि गाडी तिथेच थांबत होती. कधी पडदा काळा होऊन तोच लोगो पुन्हा येत असे.

दुकानात हाताखाली असलेल्या मुलाने पाहताक्षणीच निदान केले, "दादा, याचं सॉफ्टवेअर उडलं असन. नवीन टाकून पाहू." लोगो दिसला म्हणजे वीज नीट पोचते आहे आणि आता दोष उरला तो फक्त फर्मवेअरचा, म्हणजे यंत्राच्या आत कायम भरलेल्या सॉफ्टवेअरचा, असे समजण्याची पद्धत शहरातल्या कारागिरांमध्येही आहे. मला ती घातक वाटते. विजेचा पुरवठाच डळमळीत असेल आणि अशा वेळी फर्मवेअर लिहायला घेतले, तर अर्धवट लिहिलेली मेमरी घेऊन बसावे लागते आणि एका दोषाचे दोन होतात.

लोगो येईपर्यंत ऑसिलोस्कोप फारसे काम करीत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रोसेसर जागा होतो, बूटलोडर हा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम चालतो, तो फ्लॅश मेमरीतून (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपमधून) मुख्य प्रणाली उचलतो, आणि ती बहुधा लिनक्सच असते. त्यानंतर एफपीजीएमध्ये, म्हणजे जिची अंतर्गत जोडणी दर वेळी भरावी लागते त्या चिपमध्ये, त्याची रचना भरली जाते, सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या एडीसीचे घड्याळ सुरू होते, इनपुटचे रिले टकटक वाजतात आणि मग आलेखाच्या चौकटी दिसतात. विजेची मागणी खरी वाढते ती या शेवटच्या टप्प्यात. म्हणून लोगोपर्यंत पोचणारे यंत्र विजेच्या बाबतीत निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. ते कमी भारावर चालू शकते, एवढेच त्यातून कळते.

उघडण्यापूर्वीच्या तपासण्या थोड्या आहेत. सगळे प्रोब, पेनड्राइव्ह आणि लॅनची तार काढून सुरू करून पाहावे. प्रत्येक बटण दाबून नीट वर येते का ते बघावे, कारण दाबून राहिलेले बटण काही यंत्रांना सुरुवातीलाच चाचणीच्या किंवा दुरुस्तीच्या अवस्थेत नेते. माझ्या यंत्रात यापैकी काही नव्हते.

झाकण काढल्यावर मात्र विदर्भाचा हंगाम आत साठलेला दिसला. जिनिंगच्या रस्त्यालगत दुकान असले की रुईचे बारीक तंतू हवेत असतातच. पंख्याच्या जाळीवर आणि एसएमपीएसच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, हीटसिंकवर त्यांचा जाड थर बसला होता. यातून धोका निर्माण होतो तो उष्णतेचा. एसएमपीएसमध्ये पुरवठा सपाट ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २००० तास असे लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर या हिशेबाने ३२,००० तास टिकावा, पण ८५ अंशांवर तो ८००० तासांवर येतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, पत्र्याच्या छपराखाली त्याहून अधिक, आणि वर पंख्याची हवा रुईने अडवलेली. मग कपॅसिटरला दोष तरी किती द्यायचा?

एसएमपीएसला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट सोडू नये. २३० व्होल्टचे रेक्टिफिकेशन झाल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या टोकांनी लावून ते उतरवावेत, आणि मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय बोटे आत घालू नयेत. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून कपॅसिटर रिकामा करण्याची जी रीत अनेक दुकानांत दिसते, ती कपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे यंत्राच्या तारेत एक बल्ब ओळीने जोडावा: १०० वॅटचा साधा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर प्राथमिक, म्हणजे २३० व्होल्टकडच्या, बाजूला शॉर्ट नाही असे धरायला हरकत नाही, आणि तो प्रखर पेटलेलाच राहिला तर पुढे जाऊ नये.

आता मुख्य अडचण. मल्टिमीटरने ५ व्होल्टच्या तारेवर मोजले तर ५.०२ दिसतात, ३.३ व्होल्टही बरोबर दिसतात, आणि कारागीर समाधानाने मीटर बाजूला ठेवतो. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळा सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांसाठी विजेचा दाब ४.३ व्होल्टवर कोसळला आणि त्यामुळे रीसेट देणाऱ्या आयसीने प्रोसेसर पुन्हा सुरू केला, तरी आकड्यात त्याची खूण राहत नाही. एरवी हे पाहायला ऑसिलोस्कोप लावायचा असतो, आणि तोच टेबलावर उघडा पडलेला असतो.

म्हणून मी मुख्य बोर्डालाच विचारण्याचा मार्ग धरला. पुष्कळ डिजिटल ऑसिलोस्कोपांच्या बोर्डावर तीन-चार पिनांची एक मोकळी जागा असते, तिथे प्रोसेसरचे सिरीयल टोक बाहेर काढलेले असते. यूएसबी-सिरीयलचा ३.३ व्होल्टचा स्वस्त अॅडॉप्टर घेऊन फक्त ग्राउंड आणि बोर्डाकडून येणारी पाठवणीची तार जोडावी; अॅडॉप्टरची पॉवरची पिन जोडू नये, आणि जुन्या आरएस-२३२ची केबल तर थेट मुळीच लावू नये, कारण तिच्यावरचा दाब या पिनांना सोसत नाही. लॅपटॉपवर वेग बहुधा ११५२०० ठेवला की अक्षरे वाचता येतात. यू-बूट नावाचा बूटलोडर असेल तर तो आपली आवृत्ती आणि मेमरीचे माप सांगतो, मग लिनक्सच्या ओळी सरकू लागतात.

या ओळींमध्ये मी पाहतो ते एवढेच, की थांबण्याची जागा ठरलेली आहे की बदलती. दर वेळी नेमक्या त्याच ओळीवर अडत असेल आणि आसपास ईसीसी, चेकसम (दोन्ही मजकूर शाबूत आहे का ते तपासण्याच्या रीती) किंवा खराब ब्लॉक यांचा उल्लेख असेल, तर फ्लॅशमधला मजकूर बिघडल्याचा संशय घ्यावा. जागा दर वेळी थोडी पुढेमागे होत असेल, वाक्य अर्धवट तुटून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होत असेल, तर वीज कमी पडते आहे असे समजावे. माझ्या यंत्राचे वाक्य एफपीजीए भरण्याच्या सुमारास तुटत होते, कधी त्याच्या आधी, कधी थोडे नंतर; आणि सकाळी गार असताना अधिक लवकर. जीर्ण कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, गारव्यात वाढतो, त्यामुळे या शेवटच्या निरीक्षणाने माझा संशय जवळपास पक्का झाला.

पुढची खात्री एसएमपीएस वेगळा काढून केली. ५ व्होल्टच्या तारेवर २.२ ओहमचा २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावला की सव्वादोन अँपिअरच्या आसपास भार पडतो. त्या भाराखाली मीटर एसी रेंजवर ठेवून, मध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घालून, रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली थरथर, पाहिला. साध्या मीटरला उंच कंपनांचे नीट मोजमाप करता येत नाही, त्यामुळे आकड्यावर विसंबू नये. पण त्याच आउटपुट कपॅसिटरच्या पायांवर चांगला कपॅसिटर समांतर टेकवला आणि आकडा एकदम खाली आला, तर ती तुलना पुरेशी बोलकी असते. काढलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कंपोनंट टेस्टरवर लावला तेव्हा क्षमता जवळपास पूर्ण दिसली, पण ईएसआर एका ओहमच्या वर होता, जो या मापाच्या चांगल्या कपॅसिटरमध्ये ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असावा लागतो. त्याचे डोके फुगलेले नव्हते. फुगलेला दिसेल तोच खराब, हा समज इथे साफ फसवतो.

बदली कपॅसिटर लो-ईएसआर आणि १०५ अंशांचेच घ्यावेत. ते तालुक्यात मिळत नसल्याने मी नागपूरच्या बर्डीतून आणवले आणि दुय्यम, म्हणजे आउटपुटकडच्या, बाजूचे सगळेच बदलले, कारण एकाच उष्णतेत वाढलेले त्याचे शेजारी फार मागे नसतात. सोबत प्राथमिक बाजूच्या कंट्रोलर आयसीचा छोटा पुरवठा कपॅसिटरही बदलला, जो दोन-तीन रुपयांचा असतो आणि थकला की यंत्र मुळीच जागे होत नाही.

मजकूरच बिघडल्याचे दिसले असते, तर मी फ्लॅशची संपूर्ण प्रत आधी काढून ठेवली असती. पुष्कळ यंत्रांत त्याच मेमरीत त्या एका यंत्राचे कारखान्यातले कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक ठेवणारे आकडे, असते. दुसऱ्या यंत्राची प्रत जशीच्या तशी ओतली तर पडदा उजळेल, पण व्होल्ट खोटे दाखवेल. प्रत घेतल्यावरच कंपनीने दिलेली फाइल, पेनड्राइव्ह एफएटी-३२ करून आणि यंत्र इन्व्हर्टरवर ठेवून लिहावी. वळवाच्या वाऱ्याने वीज जाते त्या दिवसांत हे काम थेट लाइनवर करण्यात अर्थ नाही.

माझ्यावर ती वेळ आली नाही. कपॅसिटर बदलल्यावर लिनक्सच्या ओळी न तुटता शेवटपर्यंत गेल्या आणि रिले वाजले. अर्धा तास गरम होऊ देऊन, सगळे प्रोब काढून स्वयं-कॅलिब्रेशन चालवले. पहिल्या चॅनलची रेषा शून्यावर बसली, दुसऱ्या चॅनलची सर्वांत बारीक रेंजवर अजून किंचित वर राहते. ते पुढच्या वेळी झाकण उघडेल तेव्हा पाहीन. जाळीला कापड लावून रुई अडवण्याची मुलाची सूचना मी नाकारली, कारण त्याने हवाच अडेल. त्याऐवजी जिनिंग सुरू असेपर्यंत दर आठवड्याला जाळी ब्रशने साफ करण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे.