सराट्याच्या मुलखातली सायकल

माउंटन बाइक घ्यायला गेलेला माणूस आधी गिअर मोजतो, मग पुढचं शॉकअप दाबून बघतो, मग डिस्क ब्रेकवरून बोट फिरवतो. टायरकडे त्याचं लक्ष शेवटी जातं, तेही दुकानदाराने दाखवलं तर. मराठवाड्यात हा क्रम उलटा धरावा, असं माझं मत आहे. सायकल काय काय करू शकते, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. त्यातलं तिला किती करू द्यायचं, हे इथं सराटा ठरवतो.

सराटा दिसायला अगदी गरीब. जमिनीवर अंग टाकून पसरलेला, पावसाळ्यात बारीक पिवळी फुलं येणारा. आयुर्वेदात गोखरू म्हणून त्याला मान आहे, दशमुळांत त्याची जागा आहे. पण पाऊस सरला की फळ वाळतं, त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एखादा काटा आभाळाकडे टोक करून बसलेला असतोच. शेताच्या बांधावर अनवाणी वाढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. त्याच्या टाचेला सगळं पाठ असतं.

शिवाय बाभूळ आहे. तिचे जोडीने येणारे पांढरे काटे बोटाएवढे लांब होतात आणि चपलेचा तळ भेदून पायापर्यंत पोचतात, तिथं टायरची काय कथा. वेडी बाभूळ तर आता ओढ्याच्या काठाला आणि पडीक रानाला दुसरं काही उगवूच देत नाही. कुंपणाला टाकलेली बोराटी वाऱ्याने सरकत सरकत पाणंदीत येऊन पडते. अशा मुलखात रबराची पातळ नळी हवेने फुगवून तिच्यावर बसायचं, ही कल्पना आयर्लंडच्या ओल्या हवेत रुजली हे बरं झालं. बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने 1887-88 च्या सुमाराला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. तो परभणीत राहत असता, तर भरीव रबरावरच थांबला असता.

ट्यूबवाल्या टायरचं पंक्चर काढणं ही एक शिस्त आहे आणि ती मला अजूनही आवडते. चाक काढायचं. हवा पूर्ण सोडून टायरची कड दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची. एवढं नीट केलं की निम्म्या वेळा लिव्हर लागतच नाही, अंगठ्यांवर काम भागतं. ट्यूब बाहेर काढताना कुठली बाजू उजवी, कुठली डावी हे ध्यानात ठेवायचं आणि टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉलपाशी येईल असं बसवलेलं असावं. मग ट्यूबला जिथं भोक सापडेल, बरोबर तिथंच टायरात काटा सापडतो. शोधताना बोट आतून हळू फिरवायचं. काटा काढायचा राहिला तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जुन्या ट्यूबच्या वाटेने जाते. आणि भोक एक नसून जवळजवळ दोन समांतर चिरा असतील, तर काट्याला शिव्या देऊ नयेत. हवा कमी होती, दगडावर आपटलात आणि ट्यूब रिमखाली चिमटली, एवढाच त्याचा अर्थ.

सराट्याचं पंक्चर मात्र एका भोकाचं नसतंच. घमेल्यात ट्यूब बुडवली की चार-पाच ठिकाणांहून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात. दौलताबादच्या अलीकडे रस्त्याला लिंबाखाली एका चाचांचं दुकान आहे. त्यांच्या घमेल्यात माझी ट्यूब अशी अनेकदा बुडली आहे. ते घासकागदाने जागा खरवडतात, सोल्युशन लावतात आणि मग काहीच करत नाहीत. नुसते बसतात. नवशिका इथंच घाई करतो. सोल्युशन ओलं असताना चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो. ते हाताला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. त्या दोन मिनिटांत चाचा गिऱ्हाइकाची चौकशी करून घेतात. ‘कित्ते की है?’ हा पहिला प्रश्न. आकडा ऐकल्यावर दुसरा: ‘इत्ते में तो गाडी आती थी ना भैय्या?’ गाडी म्हणजे मोटारसायकल. यावर देण्यासारखं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

चाचांचा प्रश्न गैर नाही. आमच्याकडे सायकलीकडून अपेक्षाच वेगळ्या होत्या. आजोबांची 28 इंची काळी सायकल हेच खरं बहुगुणी वाहन. मागे खताचं पोतं, हँडलला दुधाच्या कॅन, नळीवर लेकरू. त्याच सायकलीवर दळण जायचं, कडब्याच्या पेंढ्या यायच्या आणि सासरी निघालेल्या आत्याची ट्रंकही स्टँडपर्यंत पोचायची. सीटवर पाय पोचत नसे तेव्हा नळीच्या मधून पाय घालून हाफ पायडल मारत आम्ही ती शिकलो. गंमत म्हणजे आजची 29 इंची म्हणून मिरवणारी माउंटन बाइक रिमच्या मापात तिच्याहून लहान आहे. टायरची कड जिथं बसते तो व्यास आजोबांच्या सायकलीचा 635 मिलिमीटर आणि या 29 इंचीचा 622. फरक भरून निघतो तो टायरच्या जाडीने. म्हणजे इथंही शेवटी टायरच.

आणि माउंटन बाइकचं कूळ तरी काय फार वेगळं आहे? 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, बोजड सायकली ट्रकमध्ये घालून डोंगरावर नेल्या आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडल्या. घरोघर पेपर टाकणारी पोरं एकेकाळी वापरायची तसल्या त्या सायकली. पायडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक उतारावर एवढा तापायचा की त्यातलं ग्रीस जळून धूर व्हायचा. दर उतारानंतर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास डोंगरासाठी सांगाडा बनवला. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगला जागा मिळाली. मग वाटण्या झाल्या: चढाची सायकल वेगळी, उताराची वेगळी, आणि एकीवर दुसरीचं काम केलं की हाल.

आजची ट्रेल बाइक ही त्या वाटण्यांनंतर पुन्हा एकत्र आलेली मालमत्ता आहे. पुढचं शॉकअप 120 ते 150 मिलिमीटर दबतं. पूर्वी 70-71 अंशांत उभा असणारा पुढचा चिमटा आता 65 च्या आसपास कललेला असतो, त्यामुळे उतारावर पुढचं चाक दगडाला अडलं तरी माणूस हँडलवरून उडत नाही. पुढे एकच दातेरी चाक आणि मागे बारा. त्यातलं मोठं 51 किंवा 52 दातांचं, ताटाएवढं. ते लावलं की म्हैसमाळचा चढ शिव्या न देता चढता येतो. हँडलवरची कळ दाबली की सीट खाली बसते, पुन्हा दाबली की वर येते. या एका सोयीवर मी बाकीच्या सगळ्या ओवाळून टाकीन. उतारावर सीट पोटाशी आली नाही म्हणजे माणूस किती शहाण्यासारखा वागतो, हे ती खाली गेल्यावरच कळतं.

मागच्या चाकालाही शॉकअप हवं का, यावर आमच्या रविवारच्या टोळक्यात कायमचा वाद आहे. मी नको म्हणणाऱ्यांतला. आमचे डोंगर हिमालयासारखे नाहीत. बेसॉल्टचे थर, वर सपाट माथा, कडेला सुट्या दगडगोट्यांची उतरण आणि पायथ्याला मुरूम. गोगाबाबा टेकडी असो की सुलीभंजनकडची चढण, अवघड तुकडा छोटा असतो. बाकी वेळ बैलगाडीच्या चाकोरीतून, शेततळ्याच्या कडेने, नाहीतर सरळ डांबरीवरून जायचं असतं. आणि मागच्या शॉकअपच्या प्रत्येक सांध्यात आमची धूळ जाऊन बसते. तेवढ्या पैशात चांगल्या टायरच्या दोन जोड्या येतात. एक बारीक नक्षीची, पैठणपर्यंत डांबरीने जाऊन यायला. दुसरी मोठ्या गठ्ठ्यांची, डोंगराला. सांगाडा तोच, सायकली दोन. बहुगुणी म्हणतात ते याला.

पावसाळ्याचं मात्र कुठलाही टायर काही करू शकत नाही. काळी माती एकदा ओली झाली की दहा पावलांत चाक चिमट्यात घट्ट रुतून बसतं आणि सव्वा लाखाची सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तिथं शेतकऱ्याचंच गणित चालतं: वाफसा आल्याशिवाय रानात जायचं नाही.

काट्यावरचा नवा उपाय म्हणजे ट्यूबलेस. 1999 च्या सुमाराला फ्रान्सच्या माविक कंपनीने माउंटन बाइकसाठी तशी रिम आणली. आता चांगल्या सायकलीत ती सर्रास असते. ट्यूब नाहीच, टायर रिमला हवाबंद बसतो आणि आत रबराच्या चिकासारखं पांढरं द्रव्य खुळखुळत असतं. काटा घुसला की हवा बाहेर पडू लागते, तिच्याबरोबर ते द्रव्य भोकात येतं आणि तिथंच थिजतं. यात ट्यूबच्या काळातली एक सवय मोडावी लागते. काटा दिसला की उपटायचा, ही आपली उपजत खोड. इथं तो तसाच राहू द्यायचा. तोच बूच असतो. घरी गेल्यावर काढावा, भोकाची बाजू खाली करून चाक थोडा वेळ तसंच ठेवावं, फुस्स होतं आणि थांबतं. मोठी चीर गेली तर चिकट दोरी ओवायची सुई असते, मोटारीच्या ट्यूबलेस टायरला वापरतात त्याच जातीची, फक्त बारीक. टायरची बाजूच फाटली तर आतून काहीतरी कडक लावून ट्यूब टाकावी लागते. दुमडलेली नोट चालते. मी पुडीचं रिकामं पाकीट वापरतो. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, पण रस्त्याच्या कडेला पाकीट सापडलं नाही असं अजून झालेलं नाही.

या द्रव्याला आमचा उन्हाळा मानवत नाही. थंड मुलखात ते कित्येक महिने पातळ राहतं. इथं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या सायकलीत त्याची साय धरते. म्हणून ते दिवाळीच्या पुढेमागे नव्याने भरावं, सराटे वाळायच्या आत. टायर हलवून कानाशी धरायचा. खुळखुळ ऐकू आली नाही तर आत फक्त पापुद्रा उरला आहे असं समजावं.

आणि या आधुनिक टायरचं एक गुपित कंपन्या सांगत नाहीत. तो पहिल्यांदा रिमवर बसवायला हवेचा एकदम लोंढा लागतो. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावायचं आणि एका दमात हवा सोडायची. मग कडा रिमच्या खोबणीत फटाफट आवाज करत बसतात. हातपंपाने हे करायला गेलात तर खांदे भरून येतात आणि टायर जागचा हलत नाही. मग चाक उचलून चाचांकडेच यावं लागतं. त्यांच्या कॉम्प्रेसरला ते चिमुकल्या व्हॉलचं तोंड बसत नाही, म्हणून पितळेचं एक अडॅप्टर मी खिशात ठेवतो. ते फिरवून बसवलं की चाचा तिकडून हवा सोडतात, पहिला फटाका वाजतो, लिंबावरचे कावळे उडतात आणि चाचा खूश होतात.

पुढचा प्रसंग तेवढा सुखाचा नसतो. मी म्हणतो, ‘बावीसच ठेवा.’ बावीस पौंड हवा म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षाही कमी. चाचा अंगठ्याने टायर दाबतात आणि दुखावल्यासारखे बघतात. टायर मऊ असला की दगड पोटात घेतो, चढावर मागचं चाक घसरत नाही, ट्यूब नसल्यामुळे चिमटायचीही भीती नाही, हे सगळं मी सांगून पाहिलं आहे. ते मान हलवतात आणि माझी नजर चुकवून तीस भरतात. कमी हवेत गिऱ्हाईक सोडलं ही बोलणी त्यांना खायची नसतात. मी पुढे वळणावर थांबून फुस्स करून थोडी सोडतो. दोघांचाही मान राहतो.

थंडीत आम्ही खुलताबादकडच्या एका मित्राच्या शेतावर हुरड्याला जातो, डोंगराच्या पाठीमागच्या वाटेने. आगटी पेटलेली असते, गुळभेंडीची कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, दही. त्याचे वडील दरवेळी सायकलीभोवती एक चक्कर मारतात. स्टँड कुठं आहे, मडगार्ड का नाही, घंटी काढून ठेवली का, असं सगळं विचारून होतं. मी सीट खाली-वर करून दाखवतो; त्यांना ते आवडतं, पण त्याचा उपयोग काय हे पटत नाही. निघताना त्यांनी कणसांची गोणी बांधून तयार ठेवलेली असते. ती घेऊन ते सायकलीच्या मागच्या बाजूला जातात, इकडून बघतात, तिकडून बघतात.

‘अहो, कॅरिअर कुठंय हिचं?’

नाहीय म्हटल्यावर ते गोणी खाली ठेवतात आणि आत ओरडून सांगतात, ‘अगं, पिशवीत दे दोन-चार. लई महागाची सायकल हाय, तिला ओझं सोसत नाही.’