नाव लागलं, माल नाही

एका कार्यालयातून निघालेले बारा जुने संगणक जिल्हा परिषदेच्या एका शाळेला मिळाले. प्रत्येकी २ जीबी रॅम. त्यांच्यासाठी डेबियन १२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज, म्हणजे सगळी तयार सिस्टिम एका फाइलमध्ये, बांधायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. शाळेत इंटरनेट नाही, त्यामुळे 'लागलं तर नंतर टाकू' हा मार्गच बंद. यादीत असेल तेवढंच मिळणार.

यादी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक पॅकेज, म्हणजे एक सॉफ्टवेअर. तीन रात्री तिच्याशी झटापट चालली होती. कुठलं पॅकेज किती मशिनवर आहे हे मोजणाऱ्या, डेबियनच्या पॉपकॉनचे आकडे पाहिले, पण ते स्वतःहून 'हो' म्हणणाऱ्या मशिनचे असतात. नेट नसलेली शाळा त्यात कुठून येणार? शेवटी जागा वाचवायला मी रेकमेंड्स बंद केले. डेबियनमध्ये 'डिपेंड्स' म्हणजे ज्याच्यावाचून अडतं ते, आणि 'रेकमेंड्स' म्हणजे सहसा सोबत हवं असतं ते. पॅकेजेस बसवणारं एपीटी एरवी दोन्ही उचलतं. ते बंद केल्यावर इमेज चांगलीच रोडावली आणि मी स्वतःवर खूश झालो. मराठीसाठी 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' ही ओळ होतीच. घरी व्हर्च्युअल मशिनवर चालवून पाहिलं. इंग्रजीत, टर्मिनल उघडून. पास.

शाळेत बाईंनी लॉगिनला मराठी निवडलं आणि मेन्यूभर चौकोन उमटले. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, तर फोल्डरच्या नावाच्या जागीही चौकोनच. प्रत्येकात चिमुकले आकडे, पहिल्यात ०९३९.

"सर, व्हायरस आहे का हा?"

"नाही बाई, अक्षरंच आहेत ती. ०९३९ म्हणजे युनिकोडमधला 'ह'. फाँट नाहीये."

"हो, 'हजेरी'च आहे ते. पण मराठी टाकलंय म्हणाला होतात ना?"

टाकलं होतंच की! तिथेच बसून पॅकेजची माहिती उघडली. टास्क-मराठी-डेस्कटॉप म्हणजे नुसतं खोकं. कामाचं जे काही ते त्याच्या रेकमेंड्समध्ये, आणि ते तर मीच बंद केलेले. लोहित देवनागरी फाँट एका एमबीतही मावतो. त्याच यादीत शंभर एमबीच्या घरातला ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर मात्र ऐटीत बसला होता, कारण पहिल्या रात्री हात सवयीनं तिकडे गेला होता.

२०१० साली डेबियनवरच बेतलेल्या उबुंटू १०.०४ मधून गिंप हा चित्र-संपादक वगळला तेव्हा मी किती तावातावानं बोललो होतो! सगळं ७०० एमबीच्या सीडीत बसवायचं होतं, शिवाय सामान्य वापरणाऱ्याला गिंप जड जातो असं म्हणणं होतं. "कुणाला काय झेपतं हे ठरवणारे हे कोण?" मित्रांसमोर हे वाक्य मी दोनदा तरी टाकलं असेल. आता ठरवणारा मीच होतो, आणि बाईंना काय लागतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग विचारलं. बाईंचा हात इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीवर बसलेला; मी इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचं फोनेटिक ठेवणार होतो, कारण मला तेच येतं. मुलांना चित्रं काढायला काहीतरी हवं होतं. बाकी पत्रं आणि गुणपत्रकं.

पुढच्या शनिवारी नवी इमेज घेऊन गेलो. रेकमेंड्स चालू, टायपिंगच्या भाषा सांभाळणाऱ्या आयबसमध्ये इन्स्क्रिप्ट, चित्रांसाठी टक्स पेंट आत, ईमॅक्स बाहेर. विम हा दुसरा एडिटर ठेवला, तेवढा हट्ट राहू द्या. बाईंनी टाइप केलं: 'दुसऱ्या घटक चाचणीचे गुण'. 'ऱ्या'पाशी त्या थांबल्या, पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि मान हलवली. मी पेनड्राइव्ह खिशात टाकत होतो.

"सर, यात कॅल्क्युलेटर कुठं असतो?"