भिंतीवरची पाटी

आपल्याकडे सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरलं की आधी पाटी दिसते: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' १९९४च्या कायद्याने ती लावावीच लागते. त्या पाटीमुळे डॉक्टरांच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते, असं काही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कॅलिफोर्नियात आले आणि कळलं, पाटीवरूनही सुप्रीम कोर्ट गाठता येतं.

इथे 'गरोदर आहात? मोफत टेस्ट, मोफत सोनोग्राफी' अशी होर्डिंग्ज दिसतात. माझ्या ऑफिसातली एक मुलगी अशाच एका ठिकाणी गेली. रिसेप्शन, पांढरा कोट, मशीन, सगळा थाट दवाखान्याचा. गर्भपाताचं विचारलं की बोलणं बाळाच्या ठोक्यांकडे वळायचं. तिथे गर्भपात होतच नाही, हे तिला दुसऱ्या खेपेला कळलं! अशी केंद्रं बहुतेक गर्भपाताला विरोध असलेल्या ख्रिस्ती संस्था चालवतात. डायपर, बाळाचे कपडे फुकट देतात, तेही खरंच.

२०१५ साली राज्याने कायदा केला. परवाना असलेल्या केंद्राने पाटी लावायची की सरकारी योजनेत कुटुंबनियोजन, गरोदरपणातल्या तपासण्या आणि गर्भपात मोफत किंवा स्वस्तात होतो. परवाना नसेल, तर तसं स्पष्ट लिहायचं. ही सक्ती म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा, असं म्हणत केंद्रं कोर्टात गेली आणि जून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांची बाजू घेतली. बहुमताच्या निकालात न्या. थॉमस यांनी लिहिलं, 'चूज लाइफ' या दोन शब्दांच्या होर्डिंगभोवती सरकारची २९ शब्दांची सूचना लागेल, तीही १३ भाषांपर्यंत! वाचून हसू आलं, आणि थोडं पटलंही. पण विरोधी मत देणाऱ्या न्या. ब्रेयर यांनी नेमकं बोट ठेवलं. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने बाईला मूल दत्तक देण्याच्या पर्यायाबद्दल सांगायची सक्ती १९९२ साली याच कोर्टाला चालली होती. मग ती या केंद्रांना का चालू नये? बहुमताचं उत्तर असं, की ती सक्ती गर्भपाताआधी घ्यायच्या संमतीचा भाग होती, ही पाटी तशी नाही. मला तरी ते पटलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ सालीच वेगळी वाट धरली होती. 'अमुक सांगा' असं नाही, 'दिशाभूल करणारी जाहिरात करू नका' एवढंच. तो नियम २०१७ मध्ये अपील कोर्टात टिकला.

परवा ऑफिसातल्या त्या मुलीच्या मैत्रिणीला अशाच एका केंद्रात जायचं होतं, तेव्हा हिने तिला आधी फोन करायला लावला. "तुमच्याकडे गर्भपात होतो का?"

"आधी या तर खरं, सोनोग्राफी करू, मग बोलू."