गुरगुर, खरखर, झणझण

रविवार, रात्र

आज दिवसभर टेबलावर एकच इलेक्ट्रिक गिटार उघडी पडली होती. आईच्या भजनी मंडळातल्या काकूंची मुलगी, इथे इंदूरलाच रामबागेत राहते, कॉलेजात आहे, तिची. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर) आकाराची चायनीज कॉपी, सेकंडहँड घेतलेली, आणि तक्रार एका शब्दात: "दादा, गुरगुरते." आता गुरगुरते म्हणजे काय ते फोनवर कळत नाही, म्हणून म्हटलं घेऊन ये, अॅम्पची वायर पण आण, आणि स्क्रू ड्रायव्हरला अजिबात हात लावू नको. लोक आधी उघडतात आणि मग ऐकतात, हे मला पटत नाही. गिटार बंद असताना ती जेवढं सांगते तेवढं उघडल्यावर सांगत नाही.

ऐकली तर दोन आवाज एकात एक मिसळलेले. एक जाड, खालचा 'ऊंऽऽ', हा आपल्या लाईटचा ५० हर्ट्झचा. आणि त्याच्यावर बारीक 'झींऽ', हा बहुतेक वेळा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा नाहीतर एखाद्या स्वस्त एलईडीचा असतो. पंखा फुल केला की माझ्या खोलीतलं झीं जवळजवळ गेलं, दोनवर आणला की परत आलं. तेवढ्यात आई आतून ओरडली की पंख्याशी काय खेळून राहिलास, उकडतंय.

मग सगळ्यात सोपी परीक्षा. तारांवर तळहात ठेवायचा. नीट असलेल्या गिटारीत गुरगुर लगेच कमी होते, कारण ब्रिजमधून, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या धातूच्या भागातून, त्या अर्थला जोडलेल्या असतात आणि आपलं शरीर जे खोलीभरचा कचरा गोळा करत असतं ते हात लागताच अर्थला बांधलं जातं. हिच्यात काही फरकच नाही. हात ठेवा, काढा, तोच सूर. आणि हात लावल्यावर जर आवाज वाढला असता तर जॅकच्या, म्हणजे वायर खुपसायच्या जागेच्या, दोन वायरी उलट लागल्यात असं म्हटलं असतं, पण इथे काहीच होत नव्हतं म्हणजे तारांचा अर्थशी संबंधच तुटलेला. मल्टीमीटर बीपवर लावला, एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला, एक ब्रिजला. शांत. मागची प्लेट काढली, तिथे ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर डोलवायच्या दांडीच्या, स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात, ज्याला क्लॉ म्हणतात, त्यावर एक काळी वायर. वरून बघाल तर मस्त जोडलेली, सोल्डरचा गोल चकचकीत मणी. नखाने जरा ढकलला तर मणी वायरीसकट उचलून हातात आला, खाली लोखंड कोरं करकरीत.

हे फार वेळा दिसतं आणि त्याचं कारण साधं आहे. क्लॉ म्हणजे लोखंडाचा ठोकळा, तो उष्णता पिऊन टाकतो. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळतं, पण लोखंड तेवढं तापतच नाही, मग सोल्डर त्याच्यावर नुसतं बसतं, धरत नाही. माझं जुनं सोल्ड्रॉनचं आयर्न पॉटसाठी (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) ठीक आहे, क्लॉसाठी मी साठ वॉटचं जाडं टोक काढतो. आधी पॉलिश पेपरने जागा घासून उघडी करायची, थोडी पेस्ट, आयर्न टेकवून धीर धरायचा, आणि सोल्डर आयर्नला नाही तर लोखंडाला लावायचं. ते पसरलं, पाण्यासारखं कडेला पातळ झालं की समजायचं लागलं. गोळी होऊन उभं राहिलं की नाही लागलं. बीप वाजला. अॅम्प लावला, तारांवर हात ठेवला, अर्धी गुरगुर गेली.

अर्धीच. उरलेली जाणार नव्हती आणि ते तिला समजावण्यात जास्त वेळ गेला. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, तो तारेचं थरथरणं ऐकतो तसा भिंतीतल्या वायरींचा ५० हर्ट्झ पण ऐकतो, त्याला भेदभाव येत नाही. म्हणून तर गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने दोन उलट कॉइल शेजारी लावून गुरगुर आपसात मारणारा हंबकर बनवला, १९५५ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं. हिच्या गिटारीत मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे, त्यामुळे पिकअप निवडायचा स्विच दोन आणि चारवर, म्हणजे मधला आणि शेजारचा एकदम, ठेवला की ऊंऽऽ गायब. ते ऐकून तिचे डोळे मोठे झाले. मग लगेच प्रश्न, दादा, आतून तांब्याची टेप मारली तर? तर टेप झींवाल्या आवाजाला अडवते, ती पण अर्थला जोडलेली असेल तरच, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी गुरगुरीला टेपचं काही वाटत नाही. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, कारण मग टेप कोण घेणार.

आणि हे दोन-चार नंबर पण मुळात कोणी ठरवून दिलेले नव्हते. १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हा स्विच तीनच जागांचा होता, पुढचा, मधला, मागचा. वाजवणाऱ्यांनी तो मध्येच अडकवून ठेवायला सुरुवात केली, दोन पिकअप एकदम लागून जो नाकातला, पोकळ आवाज येतो त्याच्यासाठी, काड्या घालून, स्प्रिंग ढिली करून. फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. वीसेक वर्षं जो आवाज स्विच अर्धवट अडकवून काढावा लागला तोच आता कंपनी विकते. मला गिटारीचं काम आवडतं ते बरंचसं ह्याच्यासाठी, कुठला आवाज काढून टाकायचा आणि कुठला राहू द्यायचा हे मीटर सांगत नाही.

संध्याकाळी ह्याच्यावरून आईशी छान जुंपली. गिटारीची सहावी तार वरच्या फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, झणझणत होती. मी जुन्या एटीएम कार्डाची कड तीन-तीन फ्रेटांवर टेकवत चाललो होतो, मधला उंच असेल तर कार्ड डुगडुगतं, आणि चौदाव्यावर डुगडुगलं. आई तंबोऱ्यावर वाढलेली, मिरजेचा तिचा तंबोरा अजून कोपऱ्यात आहे. म्हणाली, "अरे छान जवारी लागलीय की, कशाला घालवतोस?" हसू आलं पण खरंच आहे ना, तंबोऱ्याच्या घोडीचा उतार घासून घासून तार जिथे टेकवतात, खाली दोरा सरकवून ती झणझण शोधतात, आणि एवढ्या कष्टाने आणलेल्या त्याच गोष्टीला आम्ही फ्रेट बझ म्हणून घासून काढतो. मी आईला म्हटलं, तंबोऱ्यात ती प्रत्येक तारेला सारखी लागते, इथे एकाच जागी लागते म्हणून खटकते. तर म्हणाली, "मग सगळीकडे लाव."

सगळीकडे नाही लावली. चौदाव्याला मार्करने रंगवून, दोन्ही बाजूंना टेप लावून बारीक कानशीने थोडं घासलं, मग चारशेचा पेपर, हजारचा, चकचकीत. पहिल्या काही फ्रेटांवर जी बारीकशी झणझण उरली ती तशीच ठेवली, अॅम्पमध्ये ती ऐकूच येत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, नेक हलते, आत्ता ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवून मारली तर मे महिन्यात, जेव्हा इंदूरची हवा पापडासारखी होते, तेव्हा भलतीच निघेल. तिला म्हटलं, वाजवायला जोर कमी लाव, ते जास्त स्वस्त पडेल.

व्हॉल्यूमची खरखर राहिली होती. क्लीनर मारून पाच मिनिटं गोल गोल फिरवला, तरी खरखर जात नाही म्हणजे आतला कार्बनच घासलेला. काल जेल रोडला गेलो होतो तेव्हाच नवा पॉट घेऊन ठेवला असता पण तिथे अडीचशे के (किलो-ओहम) चा पॉट मागितला की पाचशेचा दाखवतात. "भिया, एक ही बात है, लगा लो." एक ही बात नाही. सिंगल कॉइलला पाचशे लावला तर आवाज कानात टोचतो, अडीचशे त्यातलं टोक जरा गिळतो. आणि त्यावर ए आहे की बी तेही बघावं लागतं, बी म्हणजे सरळ चढणारा, कानाला ए बरा. शेवटी माझ्या डब्यातला एक जुना काढून लावला.

जाताना तिला एकच सांगितलं. तिच्या वाड्यात वायरिंग जुनं, अॅम्पची तीन पिनची वायर ती दोन पिनच्या अॅडॉप्टरमध्ये खुपसते, आणि कधी कधी तारांना हात लावला की झिणझिण्या येतात म्हणे. हे हसत सांगत होती! म्हटलं गिटारीचं सोड, आधी इलेक्ट्रिशियन बोलाव, अर्थ ओढून घे, तोपर्यंत अॅम्प लावायचा नाही. काकूंना पण फोन करून सांगितलं कारण ही पोरगी नुसती मान हलवते. पैसे विचारत होती, मी म्हटलं पुढच्या वेळी एक सेट नऊ नंबरच्या तारा आण, आणि पोह्यावरचं जिरावण बोटाला असताना फ्रेटबोर्डला हात लावू नको.

पुढच्या रविवारी ऑफिसातल्या एकाचा बेस गिटार येतोय. ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे आधीच कुणीतरी चुकीच्या पान्याने गोल करून ठेवलेत म्हणे, त्यासाठी काय वापरायचं ते उद्या सियागंजला बघतो.