तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नासच्या दशकात 'टीनेजर्स' या अमेरिकन गटाचा मुख्य गायक असलेला फ्रँकी लायमन इतक्या लवकर का संपला?

त्याचं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं की माणूस हे विचारतोच, आणि उत्तरही बहुधा स्वतःच देतो: हेरॉइन. १९६८च्या फेब्रुवारीत, पंचविशीत तो हेरॉइननेच गेला, हे खरं. पण त्याची गायकी त्याच्या कितीतरी आधी खचली होती.

ते का, हे रेकॉर्डमध्येच सापडतं. हेडफोन लावा. आधी शर्मन गार्न्सचा निरर्थक बोलांचा खर्ज, मधे गटातले बाकीचे तिघे, सँटियागो, मर्चंट, नेग्रोनी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर फ्रँकी. डू-वॉप, म्हणजे गटाने आवाजांची साथ देत गायचा हा प्रकार, वाढला न्यूयॉर्कच्या नाक्यांवर आणि जिन्यांत. तिथे वाद्यं कुठून आणणार? वाद्यांचं काम गळ्यांनी केलं, म्हणून प्रत्येक आवाजाचा मजला ठरलेला. फ्रँकी तेरा वर्षांचा, आवाज न फुटलेला, त्यामुळे वरचा मजला त्याला मोकळा. १९५६ साली हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९५७ मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्याला एकट्याला पुढे काढलं. 'गुडी गुडी' या गाण्याच्या रेकॉर्डवर आधी 'टीनेजर्स'चं नाव छापलं, पण साथ स्टुडिओतल्या भाडोत्री गायकांची! त्यात वय उलटलं. मुलाचा आवाज फुटला की साधारण एक सप्तक खाली येतो. पट्टी उतरवावी तर मुख्य गायक साथीच्या टेनरांच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजांच्या, मजल्यावर येऊन आदळतो, म्हणजे सगळी बांधणी नव्याने करायची. तशी बांधणी करणारे चौघे आता बरोबर नव्हते. खोट्या आवाजात वरचे सूर लागतात, पण ती धार येत नाही. माझ्या मते घात इथे झाला; नशा त्यावर चढली.

पैशांचंही विचारता. कॉपीराइटच्या नोंदीत गीतकार म्हणून लायमन आणि निर्माता जॉर्ज गोल्डनर; पुढे गोल्डनरच्या जागी रेकॉर्ड कंपनीचा मालक मॉरिस लेव्ही आला. १९८१ मध्ये गायिका डायना रॉसने गाणं पुन्हा गाजवलं आणि लायमनची विधवा म्हणून तिघी जणी कोर्टात उभ्या राहिल्या. शेवटी निकाल त्यांतल्या एमिरा ईगलच्या बाजूने लागला. सँटियागो आणि मर्चंट यांचा दावा वेगळा होता: गाणं मुळात आमचं. १९९२ मध्ये ज्यूरीने तो मानला. १९९६ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. गाणं कुणी लिहिलं, हा मुद्दाच तिथे गौण ठरला. सहलेखक असल्याचा दावा तीन वर्षांत करायचा होता आणि ती मुदत कधीच उलटून गेली होती.

श्रेयनामावलीत आजही लायमन आणि लेव्हीच आहेत.